हौसाचा शर्ट

बटण चार भोकांचं होतं आणि त्यातल्या दोन भोकांत अजून दोरा अडकलेला होता. नरहरी पँटच्या खिशात हात घालून अंगठ्यानं तो दोरा चाचपत होता, तेवढ्यात गेणबा मशीनपाशी येऊन उभा राहिला. सकाळी कंपनीचा शर्ट घालताना बाहीचं बटण तुटून हातात आलं होतं. हौसा तेव्हा खळ्यावर निघाली होती, भात झोडायला. डोक्याला फडकं बांधता बांधता म्हणाली, "ठेवा खिशात. सांच्याला लावते." बस, एवढंच. त्यानंतर तिचं-माझं बोलणं नाही.

गेणबा आमच्या रिहे गावचाच. कंपनीच्या गेटवर वॉचमन. गेटपास असल्याशिवाय तो सख्ख्या भावालाही बाहेर सोडत नाही, आणि सोडत नाही याचा त्याला अभिमान आहे. तो म्हणाला, "नरहरी, चल."

"कुटं?"

"घरी. चल म्हन्तो ना."

नरहरीनं मशीन बंद केलं, हात पुसले. घरून काही निरोप असेल... बैल कुणाच्या रानात शिरला असेल, जांब्याहून अक्का आली असेल — गेटपर्यंत मन असंच चाललं होतं. गेटपाशी तो सवयीनं पासाच्या खिडकीकडे वळला. गेणबानं त्याच्या दंडाला धरलं, आणि गाड्यांसाठीचं मोठं गेट ओढून उघडलं. पास मागितला नाही.

तेव्हा कळलं. कुणी नाव घेतलं नव्हतं, कुणी रडलं नव्हतं. पण गेणबानं पास मागितला नाही. खिशातला हात बाहेर आला तेव्हा बटण मुठीत होतं, आणि ते का धरलंय हे नरहरीला समजेना.

बाकीचं सगळं नंतर, तुकड्या-तुकड्यानं, वेगवेगळ्या तोंडून. झोडणी चालू असताना हौसाच्या छातीत कळ आली. ती खाली बसली. बायकांनी वारा लागावा म्हणून तिच्या अंगातला शर्ट काढला — साडीवर घातलेला शर्ट — आणि भाताच्या उडवीवर टाकला. जीपमधून पौडला नेलं. दवाखाना येईपर्यंत ती राहिली नाही. शर्ट मात्र उडवीवरच राहिला होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो आणून पडवीतल्या खुंटीला अडकवला. हौसा परत आली ती पांढऱ्या कापडात, आणि शर्ट वेगळा घरी आला.

आता माघ चालू आहे. भाताच्या खाचरात हरभरा उभा आहे. नरहरी सकाळी उठतो, चूल पेटवतो, चहा ठेवतो. चहाचं पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं आहे. त्यात चहा करपत नाही, लवकर उतू जात नाही. चांगलं पातेलं आहे. नरहरीला ते बघवत नाही.

ते अक्कानं घेतलं. अक्का म्हणजे रत्नाबाई, त्याची थोरली बहीण, जांब्याला दिलेली. दिवसांपुरती म्हणून आली आणि महिनाभर राहून सगळं घर तिनं सावरलं, नाहीतर पोरीनं, सृष्टीनं, आणि मी काय केलं असतं कोण जाणे. हौसाचे कपडे तिनं रीतीप्रमाणे वाटले. दोन चांगल्या साड्या सृष्टीसाठी ठेवल्या, बाकीच्या भावकीतल्या बायकांना दिल्या, स्वेटर धाकट्या जावेला. बाईचं ते सगळं बाईसारखं केलं. आणि मग एक दिवस दारात बोहारीण आली, डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन, तेव्हा अक्कानं माझे जुने कपडे शोधले. नरहरी पाळीवरून आला तर खुंटी रिकामी.

"अक्का, खुंटीवरचा शर्ट कुटं हाय?"

"कंचा, त्यो फाटका? बोहारणीला दिला. तुज्या दोन प्यांटी आन त्यो शर्ट. हे बघ काय पातेलं आलंय! ती आधी एवढुशी वाटी दाखवत व्हती. म्या म्हनलं, उचल बाई पाटी आन लाग वाटंला. मंग काढलं हे तळातनं."

तो रिकाम्या खुंटीकडे बघत राहिला.

"का रं? खिशात काय व्हतं का?"

"न्हाई. काय न्हवतं."

काय सांगणार होता? शर्ट माझाच होता. माझ्या मापाचा, माझ्या कंपनीचा. मी घातला, विरला, मग हौसानं घेतला. आमच्याकडे बायका लावणीला, कापणीला साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. भाताच्या पात्यानं हात चिरतात, म्हणून. खिशावरचं कंपनीचं नाव तिनं उसवून काढलं, तिथं गडद निळा चौकोन राहिला. भारे वाहून डाव्या खांद्यावर कापड गेलं तेव्हा सृष्टीच्या शाळेच्या फ्रॉकचा चौकडीचा तुकडा लावला. आतून एक छोटा खिसा शिवला, मिसरीच्या डबीसाठी. साडी-चोळी कुणाचीही असते, दुकानातून येते. तो शर्ट तिनं केला होता. तिच्या सगळ्या कपड्यांत तोच एक तिचा होता, आणि तोच एक कुणी तिचा धरला नाही... मीही बोललो नाही. बोललो असतो तर अक्कासमोर रडलो असतो.

"आबा, द्या ते बटण, लावते," सृष्टी म्हणाली. ती बारावीला आहे, पिरंगुटला कॉलेजात जाते. बाहीला बांधलेला रबर तिला दिसत होता.

"ऱ्हाऊ दे. उशीर व्हतो."

"रोजच उशीर व्हतोय बटनाला." मग पोळीचा डबा त्याच्या पिशवीत घालताना, वर न बघता: "काल तुमी फाट्यापास्नं चालत आला म्हनं. परवा पन. पंक्चरवाला भिकूदादा सांगत व्हता. सा आसनी रिक्षा सोडून दिली?"

"पाय मोकळे करावं म्हनलं."

एवढं बोलून तो निघाला. खोटं बोलायची सवय नसली की खोटं बोलल्यावर तोंडाला कशी चव येते, तशी ती वाटभर राहिली.

मशीनवर हात आपापले चालतात. पत्रा सारायचा, हात मागं, पाय दाबायचा, दणका. मन मोकळं राहतं, आणि तीच अडचण आहे. गेल्या आठवड्यातली ती दुपार दणक्यागणिक पुढं येऊन उभी राहायची. पहिली पाळी सुटली होती. घोटवडे फाट्यावर नरहरी सहा आसनीची वाट बघत होता. पाण्याचा टँकर गेला, धूळ उडाली, धूळ खाली बसली... आणि रस्त्याच्या कडेनं हौसा चालली होती. निळा शर्ट, खाली हिरवी साडी, डाव्या खांद्यावर चौकडी. भरदुपारी, लोकांत, उन्हात. डोक्यावर भारा नव्हता तरी मान जरा उजवीकडे, हौसाची असायची तशी.

अंगावर काटा आला म्हणतात, तसं नाही झालं. नुसता रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. मेलेलं माणूस दिसतं, असं लोक सांगतात, मागं काही राहिलं असलं की... मी असलं मानत नव्हतो. आजही मानतो असं नाही. पण तेव्हा मी भ्यालो होतो, आणि त्या भीतीच्या तळाला, खरं सांगायचं तर, आनंद होता. हौसा आहे. चालतीये. कुठं का असेना. ती भाड्याच्या खोल्यांकडे वळून दिसेनाशी झाली तरी मी तिथंच, सहा आसनीवाला हाका मारतोय, "मामा, येताय का जाऊ?"

त्या रात्री त्यानं डोकं ताळ्यावर आणलं. बोहारीण. बोहारणीनं शर्ट जुन्या बाजारात विकला, कुणीतरी घेतला, घातला. यात काही नाही. हे सगळं त्याला माहीत झालं, आणि माहीत झाल्यावरही दुसऱ्या दिवशी त्यानं सहा आसनी जाऊ दिली. शर्टामागून चालत गेला. आपल्यात आणि तिच्यात एखाद्या बैलगाडीएवढं अंतर ठेवून. रस्ता तर माझाही तोच आहे, हे मनाशी म्हणत. मग रोज तसंच. परवा तसंच. काल तसंच. काही करायचं नव्हतं. बोलायचं नव्हतं, मागायचंही नव्हतं. नुसतं चौकडीकडे बघत चालायचं. तेवढा रस्ता संपेपर्यंत नरहरीला बरं वाटायचं, कार्तिकापासून वाटलं नव्हतं इतकं. आणि ती बाई खोल्यांकडे वळली की सगळं पुन्हा होतं तसं.

ती बाई कोण, कशी, तिचा चेहरा कसा, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. पाहायचं नव्हतं.

आज पाळी सुटल्यावर तो फाट्यावर आला. ती आधीच पुढं होती. आज जरा भरभर चालत होती. नरहरीनंही पाय उचलले. डावा खांदा, चौकडी, बाहीची शिवण... बाही तिनं दुमडली नव्हती, थेट मनगटापर्यंत होती, हौसा रानातून निघाली की दुमडायची. ती आणखी भरभर चालली. तोही. भिकूचं पंक्चरचं दुकान मागं पडलं, पुढं ओढ्यावरची मोरी आली. आणि ती थांबली.

थांबली, वाकली आणि वळली. हातात दगड.

"काय पायजे?"

इतक्या मोठ्यानं, की मोरीखालचे बगळे उडाले.

नरहरी जागच्या जागी उभा. त्याच्यासमोर हौसाच्या शर्टात दुसरीच बाई होती — तिशीची, काळी, बारीक, कपाळावर घाम — आणि तोंडातून आवाज निघाला होता तो हौसाचा नव्हता, पण शब्द हौसाचे होते. गेल्या वर्षी सृष्टीच्या मागं मोटारसायकलवाला एक पोरगा लागला होता. ती रडत घरी आली. मी कुऱ्हाडीचा दांडा घेऊन फाट्यावर गेलो होतो, पोरगा सापडला नाही. हौसानं दांडा नाही घेतला. तिनं पोरीला पुढ्यात बसवली आणि सांगितलं, "पळायचं न्हाई. पळाली की त्येला कळतं तू भ्यालीस. थांबायचं, खालचा दगड उचलायचा, वळायचं, आन मोठ्यानं इचारायचं, काय पायजे. गावाला ऐकू गेलं पायजे." सृष्टी म्हणाली, "आन दगड न्हाई घावला तर?" हौसा म्हणाली, "मुळशीत दगडाला तोटा हाय व्हय गं?" आणि त्या रात्री आम्ही तिघंही हसलो होतो.

"कवापासून बघायले मी," ती बाई म्हणाली. लातूर-उदगीरकडची बोली. "परवा बी तुमीच, काल बी तुमीच. माज्या मागं मागं यायलाव. बोला की. काय पायजे?"

"शर्ट..." नरहरी म्हणाला.

तिचा मोकळा हात झटकन गळ्याशी गेला. शर्टाचं वरचं बटण नव्हतं, तिथं तिनं पिन लावली होती. ती पिन तिनं मुठीत धरली. नरहरीला कळलं आपण काय बोललो. ते परत घेता येईना.

"अवो कोन हाय का तिकडं!"

भिकू धावत आला, हातात ट्यूब तशीच लोंबत. "काय झालं वो ताई?" मग नरहरीकडे बघून: "मामा? आवो, तुमी?" त्याच्या तोंडावर हसू फुटलं. "ताई, आवो ह्यो रिह्याचा मानूस हाय. आमच्या वळखीचा. देवमानूस हाय पार."

"वळखीचा तुमच्या हाय, माज्या न्हाई," ती म्हणाली. "आन देवमानूस असंल तर देवळात बसावं. माज्या मागं कशाला यायलाय?"

"तसं न्हाई वो—"

"कसं न्हाई? आदल्या खोलीवर असाच एकजन लागला व्हता. दारापतूर यायचा. मालकाला सांगितले तर मालक बी हेच म्हनला. वळखीचा हाय, चांगल्या घरचा हाय. खोली सोडले मी त्याच्यापायी. आता काम बी सोडू का? गाव बी सोडू? कुटं कुटं पळू मी, सांगा." दगडाचा हात वर होता आणि पाय एक एक पाऊल मागं सरकत होते. आवाज मागं सरकत नव्हता.

भिकूचं हसू गेलं.

नरहरीनं ते पाय पाहिले. मी सात-आठ दिवस या बाईला बघत होतो आणि आज पहिल्यांदा पाहिली. इतके दिवस तिनं पाठीमागं काय ऐकलं असेल? माझ्या मनात हौसा होती, ते मला ठाऊक. तिला कसं ठाऊक असणार? मागचा माणूस दिसत नाही, त्याचं मन तर नाहीच नाही. नुसत्या वहाणा ऐकू येतात. मोटारसायकलवाल्या पोराच्या वहाणा आणि माझ्या वहाणा, ऐकायला सारख्याच. कुऱ्हाडीचा दांडा घेऊन मी ज्याला शोधत होतो तो इथं उभा होता.

पळून जावंसं वाटलं. खाली मान घालून, भिकूला काहीतरी सांगून, सहा आसनीत बसून. उद्यापासून दुसऱ्या वेळेला यायचं. पण मग ती खोली सोडणार. तिला कधीच कळणार नाही की तो माणूस गेला. रोज वळून बघणार, रोज दगड शोधणार.

तो मोरीच्या कठड्यावर खाली बसला. उभ्या माणसाची भीती वाटते, बसलेल्याची कमी वाटते, म्हणून. हात दोन्ही गुडघ्यांवर, दिसतील असे ठेवले.

"माजी बायको वारली," तो म्हणाला. "कार्तिकात. तुमच्या अंगावरचा शर्ट तिचा हाय."

"बायकोचा?" तिनं दगड खाली केला नाही. "गड्याचा शर्ट हाय ह्यो. बाजारातून घेतले मी, चोरले न्हाई."

"गड्याचाच. माजा. पन तिचा."

"पिऊन आलाव का तुमी?"

"रानात घालायच्या मामी," भिकू हळूच म्हणाला. "बघितलंय म्या. व्हय. ह्योच, चौकडीचा."

"मिसरी लावायची ती," नरहरी म्हणाला. "डबी ठेवायला जागा न्हवती, म्हनून तिनं..."

बाईचा गळ्याशी धरलेला हात सुटला. तो शर्टाच्या आत गेला, डाव्या बाजूला, आणि तिथंच थांबला. तिच्या कपाळावरच्या आठ्या बदलल्या, गेल्या नाहीत, बदलल्या.

"म्हंजे ह्यो मिसरीचा खिसा हाय?" ती म्हणाली. "आन मी म्हनायले, गड्याच्या शर्टाला आतून ह्यो चोरखिसा कोन शिवलाय. सोडा घालून धुतले, शिककाई घालून धुतले, वास काय जाईना."

"येतो अजून?"

हे विचारायला नको होतं. तोंडातून निघून गेलं. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. पहिल्यांदाच चेहऱ्याकडे, हातांकडे नाही.

"येतो की," ती म्हणाली. "उन्हात तापला की लई येतो."

भिकूनं ट्यूब या हातातून त्या हातात घेतली. ओढ्यात पाणी थोडंच होतं; बगळे परत येऊन बसले. मग तिला एकदम दुसरंच काही सुचलं.

"अगं बाई. मेलेल्या बाईचं अंगावर घालून फिरायले मी?" ती पिन काढू लागली, एका हातानं, दुसऱ्या हातात दगड तसाच. "घ्या. घेऊन जावा तुमचं. मला नको असलं."

इतके दिवस मी ज्याच्यासाठी चालत होतो ते माझ्या हातात येत होतं. हात गुडघ्यावरून उचलायचा, बस. पडवीतली खुंटी डोळ्यांपुढं आली, तिच्यावर शर्ट, घरात उन्हाचा वास... एक बाही तिनं काढली. तिच्या दंडापासून मनगटापर्यंत बारीक लाल चट्टे होते, काही खाजवून फुटलेले. फायबरच्या शेडमधल्या बायकांच्या हातांना असे येतात. तिथली काचेची बारीक धूळ कातडीत शिरते. म्हणून बाही दुमडलेली नव्हती.

"ऱ्हाऊ द्या," नरहरी म्हणाला. "घाला तो."

"नको म्हनले ना."

"बाई, ती काय तसली न्हवती. कुनाला तरास देनारी. तिनं बी हातासाठीच घेतला व्हता. भाताचं पातं कापतं म्हनून. तुमी बी हातासाठीच घेतला. घाला." आणि मग, तिचा विश्वास बसावा म्हणून नाही, आपलं आठवलं म्हणून: "तुमी आता वळला ना, दगड घेऊन... ती आमच्या पोरीला असंच शिकवत व्हती. असंच वळायचं."

"मला कोनी शिकवलं न्हाई," ती तुटकपणे म्हणाली. "भ्याले म्हनून वळले."

पण बाही तिनं परत घातली. पिन लावली.

"म्हंजे आता मागं येनार न्हाई?"

"न्हाई."

"आन परत बघावं वाटलं तर?"

नाही वाटणार, असं म्हणता आलं असतं. सकाळपासून एक खोटं झालं होतं. दुसरं नको होतं. ती विचार करत होती. खोल्यांकडे बघितलं, फाट्याकडे बघितलं, शेवटी दगडाकडे.

"रस्ता तर तुमचा बी ह्योच हाय. मग तुमी म्होरं चाला, मी मागून येते. तुमी माज्या मागं न्हाई चालायचं. आज न्हाई, कवाच न्हाई. चाला."

"चाला मामा," भिकू म्हणाला.

नरहरी उठला आणि पुढं झाला.

पहिल्यांदा मान ताठ झाली. मागं दगड आहे, हे मानेला कळत होतं. वहाणा वाजत होत्या, माझ्या आणि तिच्या. माझ्या थांबल्या की तिच्या थांबतात का, हे ऐकावंसं वाटत होतं आणि थांबायची हिंमत होत नव्हती. म्हणजे हे असं असतं. एवढाच रस्ता, उन्हातला, ओळखीचा, दोन्हीकडे हरभरा, आणि अंगातलं सगळं लक्ष पाठीत गोळा होऊन बसलेलं. सृष्टी असंच चालत घरी आली होती. या बाईनं असंच रोज.

मग चढ लागला. तिच्या वहाणांचा आवाज जरा मंद झाला, खडीवर एक पाय किंचित घासत... शर्ट अंगाला मोठा, बाही कुशीला घासून होते तशी खसखस. आणि नरहरीची मान आपोआप सैल झाली.

हा आवाज माझा आहे. हौसा कधी माझ्या पुढं चालली? लग्न झालं तेव्हा ती मागं होती. घोटवड्याच्या जत्रेला जाताना मागं, बाजाराला मागं, बांधावरून मागं, काखेत पोर असतानाही मागंच. मी म्हणायचो, चल की बरोबरीनं, ती म्हणायची, "तुमी व्हा म्होरं, वाटंतलं जनावर तुमाला चावू दे." तिची पाठ मी खाचरात वाकलेली पाहिली असेल तेवढीच. रस्त्यावर माझ्याकडं तिचा आवाज होता. इतकी वर्षं मी मागं वळून पाहिलं नाही, कारण ती होती. आणि ती गेल्यावर मी वेड्यासारखा एक पाठ शोधून तिच्यामागं चालत राहिलो. चुकीच्या बाजूनं शोधत होतो मी.

आता हौसा आहे असं नाही. मागं एक परकी बाई आहे, तिच्या हातात दगड आहे, आणि माझ्यावर तिचा अर्धा विश्वास आहे, कदाचित तेवढाही नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण वहाणा वाजत होत्या, आणि मी माझ्या नेहमीच्या चालीनं चालायला लागलो होतो. मागच्याला धाप लागू नये इतपत हळू. ती चाल मी कार्तिकापासून विसरलो होतो.

वारा मागून येत होता. वास आला का, हे सांगता येत नाही. आल्यासारखा वाटला.

हात खिशात गेला, सवयीनं. बटण होतं. कंपनीच्या शर्टाला बाहीला आणि पुढं एकाच मापाची बटणं असतात. तिच्या गळ्याशी पिन आहे. हे इतकं साधं होतं की त्याला चालता चालता हसू आलं. पण मग सुचलं, मागून चालणाऱ्या बाईला पुढच्या माणसाचा खिशातला हात कसा दिसत असेल. नरहरीनं हात बाहेर काढला, रिकामा, आणि दोन्ही हात मोकळे सोडून चालला. द्यायचं म्हणजे थांबावं लागणार, वळावं लागणार. वळायचं नाही, असं आजचं ठरलेलं होतं.

खोल्यांच्या वळणाशी तिच्या वहाणा थांबल्या.

"आली माजी खोली," मागून आवाज आला. "जावा तुमी."

"बरं," तो समोर बघूनच म्हणाला.

"पोरगी कितवीला हाय?"

"बारावीला."

"बरं हाय," ती म्हणाली, आणि पावलं वळली. कडी वाजली. दगड खाली टाकल्याचा आवाज मात्र त्यानं ऐकला नाही, पुष्कळ लांब जाईपर्यंत कान दिले तरी. आत नेला असेल. दाराशी ठेवला असेल. ठेवू दे.

रिहे अजून बरंच लांब होतं. ऊन डोंगरावर गेलं होतं. मागून सहा आसनी आली, भोंगा वाजवला, नरहरीनं हातानंच 'जा' म्हटलं. सृष्टी आता घरी आली असेल. तिला आज खरं सांगायचं, फाट्यापासून चालत का येत होतो ते, आणि तिच्या आईचं शिकवणं मुळशीत कुणाकुणाला येतं ते. ती आधी रागावेल. रागवावंच तिनं. मग चहा ठेवायचा, त्याच पातेल्यात.

उद्या पाळी सुटल्यावर रस्त्याला लागायचं तर तिच्या आधी लागायचं.

बटण द्यायचं राहिलंय.